आयनीभवन ऊर्जा आणि आवर्तसारणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयनीभवन ऊर्जेचा धडा बहुतेक वह्यांमध्ये दोन बाणांत संपतो. डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते. दोन्ही बाण खरे आहेत. पण तेवढंच पाठ करून थांबलेला विद्यार्थी बोरॉनपाशी पहिल्यांदा अडखळतो, ऑक्सिजनपाशी दुसऱ्यांदा, आणि गॅलिअमपर्यंत पोचेस्तोवर त्याचा विषयावरचा विश्वासच उडतो. शिकवताना हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांना आपण 'अपवाद' म्हणतो ते अपवाद नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ज्या कारणाने आलेख वर चढतो त्याच कारणाने तो मधेच खाली वाकतो.

आयनीभवन ऊर्जा म्हणजे नेमकं काय?

मूलद्रव्याचा एकटा, वायुरूप अणू घ्यायचा. त्याने सगळ्यांत सैल धरलेला इलेक्ट्रॉन त्याच्या ओढीतून पूर्णपणे सोडवायचा. त्यासाठी कमीत कमी जेवढी ऊर्जा खर्च होते, ती त्या मूलद्रव्याची पहिली आयनीभवन ऊर्जा. मागे उरतो तो एक धनप्रभार असलेला आयन.

उत्तरपत्रिकेत 'वायुरूप' हा शब्द हमखास गळतो, आणि तोच महत्त्वाचा आहे. घन सोडिअममध्ये अणू धातुबंधाने एकमेकांत गुंतलेले असतात. तिथून इलेक्ट्रॉन काढला तर हिशोबात शेजाऱ्यांचाही वाटा येतो. आपल्याला मोजायची आहे ती एका अणूची स्वतःच्या इलेक्ट्रॉनावरची पकड.

ती कोणत्या एककात सांगतात?

रसायनशास्त्रात किलोज्यूल प्रति मोल, भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू म्हणजे सुमारे ९६.५ किलोज्यूल प्रति मोल. हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजेच १३१२ किलोज्यूल प्रति मोल. यापुढे एकक लिहिलं नसेल तिथे किलोज्यूल प्रति मोल समजावं.

सोडिअम आपला इलेक्ट्रॉन आनंदाने देऊन टाकतं असं शिकवतात. मग ऊर्जा का खर्च करावी लागते?

या विषयातला हा माझ्या मते सगळ्यांत मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर.

कोणताही उदासीन अणू आपला इलेक्ट्रॉन फुकट सोडत नाही. आवर्तसारणीतल्या प्रत्येक मूलद्रव्याची पहिली आयनीभवन ऊर्जा धन आहे. सोडिअमची ४९६ आहे, सीझिअमची ३७६ आहे, आणि सीझिअमची सगळ्यांत कमी म्हणून ती शून्य होत नाही. केंद्रक धनप्रभारित, इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित, त्यांना एकमेकांपासून दूर करायचं तर काम करावंच लागणार.

बरं, समोर क्लोरीन आहे म्हणून तरी हिशोब जमतो का? क्लोरीनच्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ४९६ खर्च, ३४९ जमा. अजून १४७ची तूट आहे. शिवाय सोडिअमची वाफ करायची आणि क्लोरीनचा रेणू फोडायचा तो खर्च निराळाच. तरीही ही दोन्ही इतक्या जोमाने संयोग पावतात, कारण तयार झालेले आयन एकमेकांना घट्ट धरून स्फटिकात बसतात आणि त्या वेळी सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळी तूट तिथे भरून निघते. सोडिअमचा इलेक्ट्रॉन निघतो तो 'अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्याच्या इच्छेने' नव्हे. त्याला काढायचा खर्च इतर धातूंच्या मानाने कमी आहे आणि पुढे स्फटिकात तो वसूल होतो, म्हणून निघतो.

आयनीभवन ऊर्जा कशावरून ठरते?

तीन गोष्टींवरून. केंद्रकात प्रोटॉन किती, इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती दूर, आणि बाकीचे इलेक्ट्रॉन त्याला किती ढकलतात.

तिसरी गोष्ट नीट कळावी म्हणून हेलिअम बघा. त्याचा एक इलेक्ट्रॉन आधीच काढलेला आहे असं समजा. आता दोन प्रोटॉन आणि एकच इलेक्ट्रॉन उरला. प्रभार हायड्रोजनच्या दुप्पट, म्हणून ऊर्जा चौपट: १३.६ गुणिले ४, म्हणजे ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. मोजलेला आकडाही हाच आहे. पण हेलिअमच्या पूर्ण अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला फक्त २४.६ लागतात. केंद्रक तेच, कवचही तेच. फरक एवढाच की सोबत दुसरा इलेक्ट्रॉन आहे, आणि तो ढकलतोय. एका सोबत्यामुळे ५४.४चे २४.६ झाले!

आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन बाहेरच्याला असंच ढकलतात, आणि बाहेरच्याला केंद्रकाचा प्रभार जणू आडोशातून जाणवतो. वर्गात याला शिल्डिंग म्हणतात. आडोसा वजा जाता उरलेला प्रभार म्हणजे परिणामी केंद्रकीय प्रभार. पुढची सगळी उत्तरं या एका कल्पनेवर उभी आहेत.

आवर्तात डावीकडून उजवीकडे ती का वाढते?

आवर्तात एकेक घर पुढे सरकताना केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसल्यामुळे तो शेजाऱ्यांना फारसा आडोसा देऊ शकत नाही. प्रोटॉनची ओढ मात्र सगळ्यांवर पूर्ण लागू होते. म्हणून प्रत्येक पावलावर ओढीचं पारडं थोडं जड होतं.

जॉन स्लेटर यांनी १९३० साली आडोशाचा अंदाज बांधायचे सोपे नियम दिले. त्यांनुसार सोडिअमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला जाणवणारा प्रभार सुमारे २.२ येतो, क्लोरीनच्या इलेक्ट्रॉनाला सुमारे ६.१. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आणि क्लोरीनच्या १७, म्हणजे फरक सहाचा. त्यातला जवळपास चारचा फरक बाहेरपर्यंत पोचतो. ओढ वाढली की अणू आकसतो, आकसला की इलेक्ट्रॉन आणखी जवळ येतो. दोन्ही कारणं एकाच दिशेने काम करतात. दुसऱ्या आवर्तात लिथिअमच्या ५२० पासून निऑनच्या २०८१ पर्यंतची चढण याच कारणाने, आणि तिसऱ्यात सोडिअमच्या ४९६ पासून अरगॉनच्या १५२१ पर्यंतचीही.

मग बेरिलिअमपेक्षा बोरॉनची आयनीभवन ऊर्जा कमी कशी?

बेरिलिअम ९००, बोरॉन ८०१. प्रोटॉन वाढला, ऊर्जा घटली.

दुसऱ्या कवचाचे दोन भाग आहेत, २एस आणि २पी. २एस मध्ये दोनच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन २पी मध्ये जातो. दोन्ही एकाच कवचातली उपकवचं असली तरी सारखी नाहीत. २एस मधला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी लगत सापडण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. २पी मधला इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ जवळजवळ फिरकत नाही. त्यामुळे १एस चा आडोसा त्याला जास्त लागतो, आणि वर २एस मधल्या दोघांचाही थोडा लागतो. एका प्रोटॉनची वाढलेली ओढ या नुकसानीला पुरत नाही. मॅग्नेशिअम (७३८) ते ॲल्युमिनिअम (५७८) ही उतरंडही हीच, फक्त तिथे ३एस आणि ३पी.

'बेरिलिअमचं उपकवच पूर्ण आहे म्हणून ते स्थिर' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. गुण मिळतील, पण 'स्थिर का' हा प्रश्न तसाच राहतो.

नायट्रोजननंतर ऑक्सिजनला पुन्हा घट का?

नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४. इथे 'अर्धं भरलेलं उपकवच स्थिर असतं' हे वाक्य पाठ केलेलं असतं. त्यामागे काय घडतं ते बघू.

२पी मध्ये तीन ऑर्बिटल, म्हणजे जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागा, आहेत, तीन वेगवेगळ्या दिशांना. नायट्रोजनचे तीन पी-इलेक्ट्रॉन एकेका ऑर्बिटलमध्ये एकेक बसतात, एकमेकांपासून जमेल तितके लांब, आणि तिघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाचा अंगभूत गुणधर्म, ज्याच्या दोनच दिशा असतात) एकाच दिशेचे. एकाच दिशेचे स्पिन असलेले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या फार जवळ येतच नाहीत, त्यामुळे त्यांचं आपापसातलं ढकलणं कमी राहतं. ऑक्सिजनच्या चौथ्या पी-इलेक्ट्रॉनाला मात्र रिकामं ऑर्बिटल उरलेलं नसतं. त्याला कुणाच्या तरी जोडीला, उलट स्पिन घेऊन बसावं लागतं. दाटी झाली, ढकलणं वाढलं, आणि त्यातला एक इलेक्ट्रॉन काढणं सोपं झालं. हेलिअममध्ये ५४.४चे २४.६ करणारं कारण हेच होतं.

हे स्पष्टीकरण खरं आहे का, ते खालच्या आवर्तांत तपासता येतं. तिसऱ्या आवर्तात ऑर्बिटल मोठी, त्यामुळे दाटी कमी, म्हणून घटही कमी असायला हवी. फॉस्फरस १०१२, गंधक १०००. नायट्रोजन ते ऑक्सिजन ८८ची घसरण होती, इथे फक्त १२ची. चौथ्या आवर्तात अर्सेनिक ९४७, सेलेनिअम ९४१. घट अपेक्षेप्रमाणे विरळ होत जाते. मला हा आकड्यांचा पुरावा कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक पटतो.

गणात वरून खाली ती का कमी होते?

पहिला गण बघा: लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९, रुबिडिअम ४०३, सीझिअम ३७६. प्रोटॉन ३ वरून ५५ वर गेले तरी ओढ घटली. कारण प्रत्येक पायरीवर एक पूर्ण कवच मधे येतं. वाढलेल्या प्रोटॉनांपैकी बहुतेकांची ओढ या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशात जिरते आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब लांब जात राहतो.

हा उतरता कल सगळीकडे टिकतो का?

नाही. तेराव्या गणात बोरॉन ८०१, ॲल्युमिनिअम ५७८, आणि त्याखालच्या गॅलिअमला ५७९. घट थांबलीच. ॲल्युमिनिअम आणि गॅलिअमच्या मधे आवर्तसारणीत दहा संक्रामक मूलद्रव्यं येतात. त्यांच्यासोबत केंद्रकात दहा प्रोटॉन वाढतात आणि ३डी मध्ये दहा इलेक्ट्रॉन. पण डी-इलेक्ट्रॉनांचा आडोसा तोकडा असतो. ते केंद्रकाच्या लगत पोचत नाहीत, पसरलेले असतात. त्यामुळे गॅलिअमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला अपेक्षेपेक्षा जास्त ओढ जाणवते, आणि नवीन कवचामुळे झालेलं नुकसान भरून निघतं.

एफ-इलेक्ट्रॉनांचा आडोसा तर त्याहून दुबळा. लँथॅनाइड मूलद्रव्यांच्या चौदा पायऱ्या ओलांडून आलेले सहाव्या आवर्तातले धातू म्हणूनच घट्ट पकडीचे निघतात. चांदी ७३१, सोनं ८९०. इंडिअम ५५८, थॅलिअम ५८९.

सोन्याच्या बाबतीत आणखी एक कारण जोडीला येतं, आणि ते आइन्स्टाइनच्या सापेक्षतेतून येतं. जड केंद्रकाजवळचे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरतात. पाऱ्याच्या १एस इलेक्ट्रॉनासाठी साध्या हिशोबाने प्रकाशवेगाच्या अर्ध्याहून जास्त वेग निघतो. त्यामुळे एस-ऑर्बिटल आकसतात, आणि ६एस सुद्धा. सोन्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन त्यामुळे आणखी आत ओढला जातो.

मग सगळ्यांत कमी आयनीभवन ऊर्जा फ्रान्सिअमची की सीझिअमची?

सीझिअमची. दोन बाण पाठ केलेला प्रत्येक जण फ्रान्सिअम म्हणतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. सीझिअम ३.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, फ्रान्सिअम ४.०७. फ्रान्सिअमचं ७एस ऑर्बिटल वर सांगितलेल्या सापेक्षतेच्या परिणामामुळे आकसलेलं असतं. दुसऱ्या गणातही बेरिअम ५०३ आणि त्याखालचं रेडिअम ५०९, असाच उलटा क्रम आहे. सगळ्यांत जास्त मात्र निर्विवाद हेलिअमची, २३७२.

संक्रामक मूलद्रव्यांत आलेख जवळजवळ सपाट का?

स्कँडिअम ६३३ पासून तांब्याच्या ७४५ पर्यंत नऊ प्रोटॉन वाढूनही फरक थोडाच पडतो. कारण नवा इलेक्ट्रॉन आतल्या ३डी मध्ये जातो आणि निघतो तो बाहेरच्या ४एस मधून. आतला नवा इलेक्ट्रॉन तोकडा का होईना, आडोसा देतो, आणि प्रोटॉनची बरीच ओढ तिथे खर्ची पडते. जस्ताला मात्र ९०६. डी आणि एस दोन्ही भरलेली, परिणामी प्रभार या रांगेत सर्वाधिक. लगेच पुढे गॅलिअम ५७९, कारण तिथे पुन्हा नवं पी उपकवच सुरू होतं. बोरॉनचीच गोष्ट.

भरताना ४एस आधी, मग काढतानाही ४एस आधी का?

कारण 'भरणं' ही आपली कागदावरची पद्धत आहे. तीत आपण प्रत्येक वेळी वेगळ्या केंद्रकाचा, वेगळा अणू घेतो. लोहाचा अणू एकदा तयार झाला की त्यात ३डी इलेक्ट्रॉन ४एस च्या मानाने आत आणि घट्ट धरलेले असतात. आयनीभवनात केंद्रक बदलत नाही, इलेक्ट्रॉन तेवढा जातो. तो बाहेरचाच जाणार. म्हणून लोहाच्या दोन धनप्रभारांच्या आयनात ३डी चे सहाही इलेक्ट्रॉन शाबूत असतात आणि ४एस रिकामं.

राजवायूंची (हेलिअम, निऑन, झेनॉन वगैरे) आयनीभवन ऊर्जा ते स्थिर असतात म्हणून जास्त असते ना?

गाडी उलटी जोडली आहे. पकड घट्ट आहे म्हणून आपण त्यांना स्थिर म्हणतो. आवर्ताच्या शेवटच्या घरात परिणामी प्रभार सर्वाधिक असतो, म्हणून इलेक्ट्रॉन काढणं महाग. आणि नवा इलेक्ट्रॉन घ्यायचा तर त्याला पुढच्या कवचात, पूर्ण आडोशामागे बसावं लागतं, म्हणून तोही टिकत नाही. दोन्ही दारं बंद. 'अष्टक' हे या परिस्थितीचं नाव आहे, कारण नव्हे.

हे शब्दांचे खेळ नाहीत, याचा दाखला १९६२ साली मिळाला. नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड वापरून ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून दाखवला होता. त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा सुमारे १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यांनी तक्ता पाहिला तर झेनॉनचीही १२.१! मग झेनॉन का नाही? त्यांनी दोन्ही वायू एकत्र आणले आणि पिवळट-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. राजवायू संयोग पावतच नाहीत हा अनेक दशकांचा समज एका आकड्याच्या तुलनेने मोडला. आयनीभवन ऊर्जेचा तक्ता हाती असलेल्या माणसाने काय करावं, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी, तिसरी आयनीभवन ऊर्जा म्हणजे काय?

एक इलेक्ट्रॉन काढल्यावर उरलेल्या आयनातून पुढचा काढायचा. प्रत्येक पुढची ऊर्जा आधीपेक्षा जास्तच असते, कारण प्रोटॉन तेवढेच राहतात आणि ढकलणारे सोबती कमी होतात.

पण वाढ सारखी नसते. ॲल्युमिनिअमचे चार आकडे बघा: ५७८, १८१७, २७४५, ११५७७. तिसऱ्यानंतर एकदम चौपटीहून मोठी उडी. पहिले तीन इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचातले होते, चौथा आतल्या कवचातून ओढावा लागला. म्हणजे कुठलंही नाव न सांगता फक्त हे चार आकडे दिले, तरी बाहेर तीन इलेक्ट्रॉन असलेलं मूलद्रव्य ओळखता येतं. कवचं ही चित्रातली कल्पना नसून मोजता येणारी वस्तुस्थिती आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना या उडीने सगळ्यांत चटकन पटतं.

ही ऊर्जा मोजतात कशी?

जुनी पद्धत अशी, की कमी दाबाच्या वाफेतून वेगवान इलेक्ट्रॉन सोडायचे आणि कोणत्या व्होल्टेजला आयन दिसू लागतात ते पाहायचं. याच मार्गावर १९१४ साली जेम्स फ्रँक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांना पाऱ्याच्या वाफेत ४.९ व्होल्टला स्पष्ट खूण मिळाली आणि त्यांनी ती पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा समजली. ती होती इलेक्ट्रॉनाला फक्त वरच्या पातळीवर चढवणारी ऊर्जा. पाऱ्याचं आयनीभवन १०.४ ला होतं. प्रयोग मात्र इतका मोलाचा ठरला, की अणूतल्या ऊर्जेच्या पातळ्या ठरावीकच असतात हे त्यातून सिद्ध झालं, आणि दोघांना १९२५ सालचं नोबेल मिळालं.

अचूक आकडे वर्णपटातून मिळतात. इलेक्ट्रॉन वरवरच्या पातळ्यांवर चढवत नेला की रेषा एकमेकींच्या जवळ येत येत एका मर्यादेपाशी थांबतात. ती मर्यादा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटण्याचा क्षण. हायड्रोजनसाठी ती ९१.२ नॅनोमीटर तरंगलांबीला येते. आज लेझर वापरून अगदी मोजके अणू हाताशी असले तरी मापन जमतं. ॲस्टटाइनसारख्या अतिदुर्मीळ मूलद्रव्याची आयनीभवन ऊर्जा सर्नच्या आयसोल्डे प्रयोगशाळेत लेझरने मोजली गेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झाली: ९.३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

लिथिअमची आयनीभवन ऊर्जा गणात सर्वांत जास्त, तरी पाण्यात ते सर्वांत प्रबळ क्षपणक (दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारं) कसं?

कारण बीकरमध्ये वायुरूप एकटा अणू नसतो. लिथिअमचा आयन इवलासा असतो, त्यामुळे पाण्याचे रेणू त्याला फार घट्ट बिलगतात. त्यात सुमारे ५२० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, सीझिअमच्या बाबतीत साधारण त्याच्या निम्मी. इलेक्ट्रॉन काढायला लागलेला जादा खर्च पाण्यात वसूल होतो. मग लिथिअम पाण्यावर शांतपणे फसफसतं आणि सीझिअमचा स्फोट होतो, ते का? तो अभिक्रियेच्या वेगाचा प्रश्न आहे, एकूण ऊर्जेचा नाही. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

ज्योत परीक्षेत सोडिअमचा पिवळा रंग येतो, ते आयनीभवनच ना?

नाही. पिवळा रंग ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे सुमारे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. सोडिअमचा इलेक्ट्रॉन पूर्ण काढायला ५.१ लागतात. ज्योतीत तो वर चढतो आणि परत खाली येताना प्रकाश देतो. अणूपासून सुटत नाही.

प्रकाशविद्युत परिणामात, म्हणजे धातूवर प्रकाश पडून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, सोडिअममधून याहून कमी ऊर्जेत इलेक्ट्रॉन निघतो. विसंगती नाही का?

तिथे इलेक्ट्रॉन धातूच्या तुकड्यातून निघतो, एकट्या अणूतून नाही. त्या ऊर्जेला कार्यफल म्हणतात. सोडिअमसाठी ते सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणून तर व्याख्येतला 'वायुरूप' हा शब्द गाळायचा नाही.

विद्युतऋणता आणि आयनीभवन ऊर्जा एकच का?

नाही. आयनीभवन ऊर्जा एकट्या अणूची, थेट मोजता येणारी. विद्युतऋणता बंधातल्या अणूची, भागीदारीतले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची प्रवृत्ती. नातं मात्र जवळचं आहे: रॉबर्ट मुलिकन यांनी १९३४ साली आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन घेताना बाहेर पडणारी ऊर्जा यांची सरासरी हेच विद्युतऋणतेचं माप मानावं असं सुचवलं.

परीक्षेपलीकडे याचा उपयोग काय?

ताऱ्यांत काय आहे हे आपल्याला यातूनच कळलं. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात रुबिडिअम आणि सीझिअमच्या रेषा का मिळत नाहीत, हे कोडं होतं. मेघनाद साहा यांनी १९२० साली तापमान, दाब आणि आयनीभवन ऊर्जा यांना जोडणारं समीकरण मांडलं. या धातूंची आयनीभवन ऊर्जा इतकी कमी, की सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानात त्यांचे जवळजवळ सगळे अणू आयन होऊन बसलेले असतात, आणि आयनाच्या रेषा निराळ्या असतात. सूर्यडाग तुलनेने थंड, तेव्हा तिथे रुबिडिअम दिसायला हवं. पुढे ते दिसलंही. १९२५ साली सेसिलिया पेन यांनी साहांच्याच समीकरणाच्या आधारे दाखवलं, की तारे मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलिअमचे बनलेले आहेत. तक्त्यातल्या एका रकान्याने विश्वाची घडण उलगडली.

जमिनीवरचा उपयोग हवा तर गॅस तपासणारी यंत्रं बघा. त्यांत १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा अतिनील दिवा असतो. बेंझीनची आयनीभवन ऊर्जा ९.२, म्हणून त्याचे रेणू आयन होतात आणि यंत्र ते टिपतं. हवेतल्या ऑक्सिजनची १२.१ आणि नायट्रोजनची १५.६, म्हणून त्यांना धक्काही लागत नाही. मिथेनचीही १२.६ आहे, म्हणून मिथेनची गळती या यंत्राला कळत नाही. कामावर असणाऱ्याने हे ध्यानात ठेवलंच पाहिजे.

दोन मूलद्रव्यांची दुसरी आयनीभवन ऊर्जा विचारली की माझं हमखास चुकतं. काय करू?

मूलद्रव्याचं नाव विसरा, आयनात किती इलेक्ट्रॉन उरले ते मोजा. सोडिअमचा आयन निऑनसारखा झालेला असतो, म्हणून त्याची दुसरी ऊर्जा ४५६२. मॅग्नेशिअमचा आयन सोडिअमसारखा, म्हणून १४५१. पहिल्या आयनीभवनाचा सगळा दातेरी आलेख एक घर उजवीकडे सरकलेला असतो. आता अल्कली धातू शिखरावर येतात, आणि तळाला दुसरा गण.

घटसुद्धा त्यासोबत सरकतात. बोरॉनच्या आयनात बेरिलिअमइतके इलेक्ट्रॉन, कार्बनच्या आयनात बोरॉनइतके. म्हणून दुसरी ऊर्जा बोरॉनची २४२७ आणि कार्बनची त्याहून कमी, २३५३. ऑक्सिजनचा आयन नायट्रोजनसारखा, फ्लुओरिनचा ऑक्सिजनसारखा. तिथे घट किती असेल याचा अंदाज आधी स्वतः बांधा, मग आकडे बघा: ऑक्सिजन ३३८८, फ्लुओरिन ३३७४.